पुरे कुठे लावायचं

३ ऑक्टोबर

चि. खुडबुड्यास,

ताईचे आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा बरा नाही, बाकी सगळं आपापल्या जागी. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन केला की तो वाजतो, वाजतो आणि थांबतो. चार वर्षांत त्याच्या वाजण्याची चाल मला पाठ झाली आहे. म्हणून हे पत्र. दारात पडलेलं पत्र उचलायला माणूस वाकतोच.

आधी घरच्या बातम्या. दादा निवृत्त झाला. पूर्वी दिवसभर ऑफिसात गप्प बसायचा, आता घरी बसतो. मावशीने कानाचं यंत्र घेतलं आहे, पण बोलताना ते त्रास देतं म्हणून ती काढून ठेवते, म्हणजे ते कधीच लावलेलं नसतं. काका तिच्याशी वाद घालतात आणि हरतात. कामावरच्या माझ्या खोलीतली, जिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात तिथली, ती खडखडणारी खिडकी तुला आठवत असेल. वाचणारा "तो अगदी हळूच म्हणाला" असं वाचायचा आणि मागून खिडकी खडखडायची. ती आता गप्प आहे. मला एक छान चपटा तुकडा मिळाला, तो फटीत पाचर म्हणून असा चपखल बसला की विचारू नकोस. हे आपलं सहज लिहिलं.

आता मुद्दा. आमच्या बोलक्या पुस्तकांच्या विभागात तू बावीस वर्षांपूर्वी जो सर्व्हर बसवून दिलास, तो बंद पडला आहे. त्यात दोनशे चौदा पुस्तकं आहेत. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी कुणी कुणी सुट्टीच्या दिवशी येऊन, घसा खरवडून वाचून दिलेली. त्यातले निम्मे वाचणारे आता हयात नाहीत. आणि ती दुसरीकडे कुठेही नाहीत, कारण "आता मशीन आलं, त्या टेपा कशाला सांभाळायच्या" असं म्हणणारी शहाणी मीच.

नवे साहेब आले आहेत. त्यांनी नवीन मशीन घेतलं, ते चांगलं केलं. जुन्यातली पुस्तकं नव्यात घ्यायची एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात जुनं बंद पडलं. साहेब म्हणाले, "तीस तारखेला भंगारवाला येतोय. तोवर जे निघेल ते काढून घ्या. नाही निघालं तर विषय संपला." चहा पीत पीत म्हणाले.

बंद कसं पडलं तेही सांगते. खालच्या खोलीला रंग द्यायचा होता म्हणून सर्व्हर वर माझ्या खोलीत आणला. आणताना शिपाईमामांना त्यात धूळ दिसली. मामांना तू ओळखतोस, धूळ दिसली की त्यांना दुसरं काही दिसत नाही. मी जेवायला गेले तेवढ्यात त्यांनी चारही डिस्क बाहेर काढल्या, मऊ फडक्याने पुसल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. वर प्रत्येकीच्या मागच्या टाचण्यांवर तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या टोप्या असतात ना, त्या काढून काडेपेटीत भरल्या. "हरवायला नकोत म्हणून," म्हणाले. मी कपाळाला हात लावला. एकही टोपी हरवलेली नाही हे खरं. फक्त कुठली कुणाची, ते आता कुणालाच माहीत नाही.

कंपनीचा इंजिनिअर बोलावला. त्याने झाकण उघडलं, "अरे, स्कझी!" असं ओरडला (एका केबलवर सगळ्या डिस्क ओवायच्या या जुन्या पद्धतीचं ते नाव म्हणे), दोन पावलं मागे सरला, चार फोटो काढले आणि आईला दाखवतो म्हणून निघून गेला. त्याची आई याच कामातून निवृत्त झाली म्हणे. मामांनी तो शब्द एकदाच ऐकला, आणि तेव्हापासून ते सर्व्हरला 'कजागी' म्हणतात. रोज सकाळी विचारतात, "मॅडम, कजागी उठली का?" नाही उठली.

तिकडे हेडमास्तर रोज अकराच्या ठोक्याला फोन करतात. आमचे सगळ्यात जुने वाचक. दृष्टी जाऊन तीस वर्षं झाली, आवाजातली जरब तेवढीच आहे. ते एक खुनाची कादंबरी ऐकत होते, तिची शेवटची दोन प्रकरणं सर्व्हरात अडकली आहेत. पुस्तक आता बाजारात मिळत नाही आणि वाचून देणारे निवेदक जाऊन सहा वर्षं झाली. "बाई, वैद्याने मारला की माळ्याने, तेवढं तरी सांगा," म्हणतात. मला काय माहीत? मी एवढ्या वर्षांत ती कादंबरी ऐकलेली नाही, हे त्यांना सांगायची माझी छाती होत नाही.

तर तू मला आकडे कळव. प्रत्येक डिस्कला आकडा असतो आणि तो टोप्यांनी ठरतो, एवढं मला आठवतं. पण भल्या माणसा, तू डिस्कवर आकडे लिहिण्याऐवजी आपल्या घरातली माणसं लिहून ठेवली आहेस! एकीवर 'दादा', एकीवर 'मावशी', एकीवर 'काका', एकीवर 'मी'. ज्या कार्डातून केबल निघते त्यावर 'आई'. तू तेव्हा मला हे समजावून सांगत होतास. "एकाच दोरीवर सगळे, ताई, आपल्या घरासारखे," इथपर्यंत आठवतं. पुढचं का आठवत नाही, ते जाऊ दे.

आणि हो, 'ताई' कुठेच नाही. चारही डिस्क मी उलट्यासुलट्या करून पाहिल्या. अर्थात मला त्याचं काही नाही.

त्या दिवसाबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. रागाने लिही, पण आकडे लिही. आणि पत्त्यावर माझं सरळ नाव घाल. लहानपणी मला ज्या नावाने चिडवायचास ते मामांच्या हाती लागलं तर मला नोकरी सोडावी लागेल.

तुझी,
ताई


११ ऑक्टोबर

चि. खुडबुड्यास,

आशीर्वाद. पोस्टकार्ड पोचलं. वर नमस्कार नाही, खाली सही नाही. अक्षर ओळखीचं नसतं तर मला वाटलं असतं, पाणी बंद राहणार असल्याची सूचना आहे. तरी मी ते दोनदा वाचलं. खरं म्हणजे सात-आठदा. तू लिहितोस:

"टोपी टाचण्यांच्या पहिल्या जोडीवर १, दुसऱ्या जोडीवर २, तिसऱ्या जोडीवर ४. बेरीज म्हणजे डिस्कचा आकडा. टोपी नसेल तर शून्य. मोठ्या आकड्याला बोलण्याचा मान आधी. दोघांना एक आकडा देऊ नये. आई ७, ते बदलत नाही. बाकीचे आपल्या घरात जसे होते तसे. केबलच्या टोकाला काय आहे ते कळवावे."

कळवावे! ज्याला मी बुटाच्या नाड्या बांधायला शिकवल्या तो मला 'कळवावे' म्हणतो. असो.

प्रत्येक डिस्कवर कारखान्याचा क्रमांक असतो, तो मी वहीत आपापल्या माणसापुढे लिहून घेतला, म्हणजे पडद्यावर कोण आलं ते कळतं. मग घरात कुणाचं किती चालायचं हे ठरवायला बसले. आधी वयाच्या मानाने लावलं. मावशीला सहा, काकांना पाच, दादाला चार आणि तुला एक. बटण दाबलं. पडदा काळाच. मामा म्हणाले, "वयाचं आता कोण मानतं, मॅडम?"

मग म्हटलं, मावशीचं घरात आईच्या बरोबरीने चालायचं. कधी कधी थोडं जास्तच. तिन्ही जोड्यांवर टोप्या घातल्या आणि तिला सात दिला. आता काय झालं ते ऐक. पडद्यावर शून्यापासून सहापर्यंत सात ओळी आल्या आणि सातही ओळींत मावशी! शून्याला मावशी, एकला मावशी, दोनला मावशी. काका नाहीत, दादा नाही, तू नाहीस. जिकडे बघावं तिकडे एकटी मावशी. मामांनी विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "आमची मावशी." ते म्हणाले, "मग मशीन बरोबर चाललंय." त्यांनी तिला एकदाच पाहिलं आहे, माझ्या सत्काराला आली होती तेव्हा. तेवढं पुष्कळ झालं.

हे मी मावशीला फोनवर सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "बघ, मशीनलासुद्धा कळतं." यंत्र काढून ठेवलं होतं, त्यामुळे पुढचं तिला काही ऐकू गेलं नाही.

त्यानंतर घाईत काका आणि दादा, दोघांनाही तीन आकडा गेला. दोघेही नाहीसे झाले. आता मला कारण कळतं. "तीन नंबर, काय म्हणता?" असं विचारलं की दोघेही एकदम बोलणार, मग एकाचंही धड ऐकू येणार नाही. आपल्या जेवणाच्या टेबलावर हेच व्हायचं.

टेबलाची आठवण आली आणि दादापाशी थांबले. दादाचं घरात काय चालायचं? काही नाही. तो कधी बोललाच नाही. पण सगळ्यांच्या आधी उठून दाराची कडी कोण काढायचं? पाणी कोण भरायचं? आपण डोळे चोळत यायचो तेव्हा घर सुरू झालेलं असायचं, आणि ते कुणी सुरू केलं हे आपण कधी विचारलं नाही. मी दादाच्या चारही टोप्या... चार नव्हेत, दोनच होत्या, त्या काढून घेतल्या. शून्य. बटण दाबलं, आणि कजागी उठली! दादावरूनच सुरू होते ती. तू पंचविशीतही नव्हतास तेव्हा, तरी हे तुला दिसलं होतं. मला मोठी असून दिसलं नाही. त्या शून्याकडे बघून मला रडू आलं. मामांना वाटलं आनंदाने रडते आहे, म्हणून त्यांनी चहा आणला.

तरी घोडं अडलंच. आता मावशी सहा, काका तीन, तू एक, दादा शून्य. आकडे बरोबर असावेत, कारण कधी कधी चौघेही दिसतात. पण पुढच्याच मिनिटाला दोघे गायब. एखादं पुस्तक उघडलं तर निवेदक चार शब्द बोलतात, अडखळतात आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पाचशे वेळा "वैद्यबुवांनी खिशातून" ऐकलं. खिशातून काय ते कळलंच नाही. हेडमास्तरांना फोनवर तेवढं ऐकवलं, तर म्हणाले, "वैद्याचा खिसा मला आधीपासूनच संशयास्पद वाटत होता."

त्यांची शेवटची दोन प्रकरणं 'मी' वर आहेत, वहीत तशी नोंद आहे. आणि नेमका तूच सगळ्यांत जास्त गायब होतोस. बोलत काहीच नाही, थोडा वेळ दिसतोस आणि जातोस.

केबलच्या टोकाला काय, असं विचारलंस. काही नाही. मोकळं आहे. एक बूच होतं, पण त्याला पुढे काहीच जोडलेलं नव्हतं, तेव्हा ते असून नसून सारखंच. ते मामांनी काढलं असेल.

एकोणीस दिवस राहिले. जरा लांबलचक लिही. पोस्टकार्डाच्या मागेही जागा असते.

तुझी,
ताई


१९ ऑक्टोबर

प्रिय खुडबुड्या,

तुझं दुसरं पोस्टकार्ड समोर ठेवूनच लिहायला बसले आहे.

"टोकाला काही नसेल तर बोललेलं तिथे आपटून परत फिरतं आणि पुढच्या बोलण्यात मिसळतं. मग कुणालाच कुणाचं कळत नाही. म्हणून दोन्ही टोकांना ते थांबवणारं लागतं. एका टोकाला आई आहे. दुसऱ्या टोकाला बूच होतं. ते फालतू नाही, त्यावर नाव लिहिलं आहे. मामांनी काढलं नसणार. ते विचारल्याशिवाय कागदाचा कपटाही हलवत नाहीत. टोप्या काढल्या त्या एकदाच चुकून. खरं कळवावे."

खरं कळवते. मामांनी नाही काढलं. मी काढलं. डिस्क परत बसवताना केबल वेगळी दुमडली गेली आणि त्या बुचामुळे झाकण बसेना. मी चष्मा लावून पाहिलं तर त्यावर तुझ्या अक्षरात 'पुरे' लिहिलेलं. मी म्हटलं, बरोबर आहे, एवढ्या डिस्क पुरे, आता पुढे काही जोडू नका, असं सांगून ठेवलंय. मग ज्याला पुढे काही जोडायचंच नाही त्याचं काम काय? काढून टाकलं. आणि खिडकीच्या फटीत ते इतकं छान बसलं की मी स्वतःवरच खूश झाले. पहिल्या पत्रात तुला कौतुकाने लिहिलंसुद्धा. मामांवर ढकललं, कारण मोठी बहीण म्हणून चूक कबूल करायची मला सवय नाही. त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मॅडम, मला माहीत होतं. पण खिडकी वाजत नव्हती, म्हणून बोललो नाही."

कार्ड वाचलं तशी उठले आणि फटीतून बूच उपटून काढलं. एक कोपरा थोडा चेपला आहे. तिथेच उभी राहून पुन्हा वाचलं, पुरे. आणि खाली तुझं कार्ड, 'त्यावर नाव लिहिलं आहे'. नाव. मी खुर्चीवर बसले.

चाळीस वर्षांत मला त्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. तू आणि काका पत्त्यांवरून भांडायचात, मावशी मध्ये तोंड घालायची, आई ओरडायची, आवाज भिंतींना आपटून परत यायचे, आणि मग मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायचे, "पुरे!" सगळे गप्प. म्हणून तू मला चिडवायचास, पुरेताई. पुढे नुसतं पुरे. "पुरे आली रे, पळा!" मी चारही डिस्कवर ताई शोधत बसले, आणि दोन टोकं सांभाळायला तू आईला आणि मला ठेवलं होतंस. ते मी स्वतःच्या हाताने उपटून खिडकीत खोचलं. मग रडले मी. मामा चहा आणायला निघाले, त्यांना थांबवलं.

आता याच्या पुढचं सांगणं जड जातं आहे. पण खरं कळवावे म्हणालास, म्हणून लिहिते.

बूच लगेच टोकाला लावलं असतं तर बरं झालं असतं. पण टोकाला लावलं की झाकण बसत नाही, आणि उघडं झाकण मला बघवत नाही. केबलच्या मध्येच एक जागा मोकळी होती. इकडे आईच्या बाजूला दादा आणि मावशी, तिकडे काका आणि तू. म्हटलं, आहे तर त्याच केबलवर ना, मध्ये काय आणि टोकाला काय. लावलं. झाकण बसलं. बटण दाबलं. दादा आला, मावशी आली. आणि संपलं. काका नाहीत. तू नाहीस. तीनदा केलं, तीनदा तेच. बुचाच्या अलीकडचे स्वच्छ ऐकू येतात, पलीकडचे जणू नाहीतच.

मी पडद्यासमोर बसून होते. आणि डोळ्यांसमोर पडदा नव्हता, आईची खोली होती. तू दोन दिवस उशिरा आला होतास. आई जाऊन तिसरा दिवस. मावशी बोलत होती, काका बोलत होते, सगळे तुला एकच विचारत होते. तू हातात पाण्याचा पेला घेऊन उभा होतास. सगळ्यांकडे पाठ करून तू माझ्याकडे वळलास आणि म्हणालास, "ताई, मी वेळेवर आलो नाही, कारण" आणि मी म्हटलं, "पुरे!"

मला वाटलं मी भांडण थांबवलं. नेहमी थांबवायचे तसं. सगळे गप्प झाले, मला बरंही वाटलं. तू पेला खाली ठेवलास, पिशवी उचललीस आणि गेलास. तेव्हापासून फोन नुसता वाजतो. मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आले की धाकट्याला राग फार. राग कसला? तू बोलत होतास आणि मी मध्येच पुरे लावलं. शेवटी लावायची वस्तू मी मध्ये लावली आणि पलीकडचा माणूस दिसत नाही म्हणून बोंबलत बसले.

सर्व्हर बसवताना तू समजावत होतास तेव्हाही मी हेच केलं होतं. "एकाच दोरीवर सगळे, आपल्या घरासारखे," म्हणालास आणि मी म्हटलं, "पुरे, मला चालू-बंद कसं करायचं तेवढं सांग." म्हणून पुढचं आठवत नाही. सांगूच दिलं नव्हतं.

बूच काढलं आणि टोकाला लावलं. झाकण बसत नाही, ते मामांनी सुतळीने बांधलं. बटण दाबलं. दादा, तू, काका, मावशी. शून्य, एक, तीन, सहा. चौघेही आले आणि चौघेही राहिले. वैद्यबुवांनी खिशातून चष्मा काढला. नुसता चष्मा! मामांनी मोठ्याने टाळी वाजवली, साहेब दारातून डोकावले आणि म्हणाले, "अरे वा, चाललं की!" जसं काही त्यांनीच चालवलं.

मला माफ कर. दुसऱ्या कुठल्या शब्दात लिहायचं ते मला येत नाही.

तुझी,
ताई


२८ ऑक्टोबर

प्रिय खुडबुड्या,

दोनशे चौदा पुस्तकं नव्या मशीनवर उतरली. एकही गेलं नाही. आठ दिवस कजागी सुतळी बांधून, घरघर करत, न अडखळता चालली. काल मी तिला बंद केलं तेव्हा मामांनी तिच्यावरची धूळ पुसली. परवा भंगारात जायची आहे, तरी पुसली. मी त्यांचं पूर्ण होऊ दिलं.

हेडमास्तरांनी शेवटची दोन प्रकरणं ऐकली. अकराच्या ठोक्याला फोन आला. "माळीच," म्हणाले, "मला पहिल्या प्रकरणापासून माहीत होतं." रोज वैद्यावर संशय घेणारे कोण होते, हे मी विचारणार होते. तोंडाशी आलेलं गिळलं आणि ते पुढे अर्धा तास माळ्याबद्दल बोलले, ते सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना? आज तुम्ही मला एकदाही थांबवलं नाही."

चारही डिस्क मी साहेबांना विचारून काढून घेतल्या आहेत. दादाची दादाला दिली. त्याने हातात घेतली, शून्य कशासाठी ते ऐकलं, आणि म्हणाला, "धाकट्याच्या लक्षात होतं?" एवढंच. त्याच्या मानाने ते भाषण झालं. मावशीला तिची डिस्क सात नंबरवर हवी आहे, तिची समजूत काकाच घालतील. तुझी माझ्याकडे आहे.

तुझं तिसरं पोस्टकार्ड आलं नाही. मी रोज टपालाच्या वेळी दारात असते, हे तुला कळावं म्हणून लिहिते. त्याची घाई नाही.

या पाकिटात दोन वस्तू आहेत. एक कागद. त्याच्या वरच्या ओळीत मी "ताई, मी वेळेवर आलो नाही, कारण" एवढं लिहिलं आहे, तू म्हणाला होतास तसंच, आणि खाली सगळा कागद कोरा सोडला आहे. एक पुरला नाही तर दुसरा घे. मावशीवर लिही, काकांवर लिही, माझ्यावर तर लिहीच. चार पानं लिही, चाळीस लिही. नाहीतर इथे ये आणि बोल. पेला हातात घेऊन बोल.

दुसरी वस्तू कागदात गुंडाळून ठेवली आहे. तेच ते बूच. माझ्या हातात ते पुन्हा नको, आता तुझ्याकडे राहू दे. तुझं सगळं सांगून झालं, अगदी शेवटाला पोचलास, की तूच लाव. तोवर माझ्यापाशी पुरे नाही.

खिडकी पुन्हा खडखडायला लागली आहे. मामा विचारत होते, पाचर मारू का? मी म्हटलं, राहू दे, वाजू दे तिला.

ऐकायला बसलेली,
तुझी ताई